ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो!

च्यायला, चार महिने! चार महिने मी एका दिव्यामागे वेडा झालोय.

गाडी २००६ची. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून, पाच वर्षांचं पासिंग करून घेतलेली. इंजिन अजून घड्याळासारखं चालतं. पण पावसाळ्यात हिच्या अंगात आलं. साईड लाईट बंद, हेडलाईट बंद, आणि ब्रेकवर पाय गेला की डॅशबोर्डच्या काट्यांमागे मिणमिण उजेड! उजवा इंडिकेटर दिला की तोच उजेड त्याच्या ठेक्यावर लुकलुकणार, आणि इंडिकेटरची टकटक अशी सुसाट, की त्यालाच कुठेतरी पोचायची घाई आहे. रात्री लाईट लावून ब्रेक मारला तर मागचा उजवा दिवा गुल. सिग्नलला रोज कुणीतरी काच ठोठावणार, "साहेब, मागचा लाईट लागत नाही तुमचा." माहितीये हो बाबा, माहितीये!

आणि हे रोज नाही. तीन दिवस सगळं ठीक, मग एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की सुरू. गॅरेजच्या दारात गाडी नेली की मात्र ही बया एकदम सोज्वळ. दहा वेळा ब्रेक दाबा, काही नाही. मेकॅनिक माझ्याकडे असा बघतो, जसं काही मलाच भास होतायत.

पहिल्याचं निदान: "लाईट डिम म्हणजे बॅटरी." अरे, सेल्फ एका झटक्यात लागतोय, बॅटरी कशी गेली? पण साडेचार हजार घालवले. जुनी बॅटरी त्याने सातशे रुपयांत ठेवून घेतली. दुसरा म्हणाला डायनामो. कार्बन बदलले, बेअरिंग बदललं, अठ्ठावीसशे. तिसऱ्याने बोनेटही न उघडता निकाल दिला, "उंदरानं वायर खाल्ली असणार, अख्खी वायरिंग नवी टाका, पंधरा हजारांत बसवतो." अरे उंदीर काय, तुम्हीच कुरतडताय की मला!

या तिघांपैकी एकानेही व्होल्टेज मोजायचा मीटर लावला नाही, डोकं फिरतं ते याचंच. एकानेही! टेस्ट लॅम्प कानामागे पेन्सिल खोचावी तसा खोचून फिरतात, पण मोजायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. पार्ट बदलायचा, नाही जमलं तर पुढचा बदलायचा. प्रयोग त्यांचे, पैसे माझे.

शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, साडेतीनशेचा मल्टिमीटर आणला. रविवारी सकाळी बाबांना ब्रेकवर बसवलं. ते दर दोन मिनिटांनी, "विकून टाक रे हे डबडं." बॅटरीच्या निगेटिव्हपासून डिक्कीपर्यंत लांब वायर ओढली, मीटरचं एक टोक तिला, दुसरं मागच्या उजव्या दिव्याच्या काळ्या वायरला. "बाबा, दाबा!" आकडा आला नऊ पॉइंट चार. नऊ व्होल्ट! ही काळी म्हणजे अर्थिंगची वायर, करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी. तिच्यावर जिथे जेमतेम शून्य पॉइंट एक यायला हवा, तिथे नऊ! डाव्या दिव्याला बघितलं तर शून्य पॉइंट शून्य सहा.

म्हणजे करंटला बॉडीत जायला वाटच नव्हती. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची एकवीस वॉटची, साईड लाईटची पाच वॉटची. दोघींची अर्थिंग एकच. ती तुटली की ब्रेकचा करंट पाच वॉटच्या तारेतून उलटा शिरतो, साईड लाईटच्या लाईनीत जातो, आणि डॅशबोर्डचे दिवे त्याच लाईनीवर! म्हणून ते मिणमिणायचे. इंडिकेटरचीही तीच गत, आणि त्याला पुरता करंट मिळत नाही म्हणून ती टकटक.

डिक्कीतलं अस्तर ओढून काढलं. आत एक दहाच्या पान्याचा बोल्ट, त्याखाली थिंबळ, म्हणजे अर्थिंगच्या वायरच्या टोकाची धातूची कडी, आणि थिंबळाखाली… रंग. गुळगुळीत, चकचकीत रंग! दोन वर्षांपूर्वी मागून एक रिक्षा घुसली होती, तेव्हाच्या डेंटिंग-पेंटिंगची करामत. त्या महाभागाने पत्र्यावर, बोल्टाच्या जागेवर, सगळीकडे फवारा मारला आणि वर थिंबळ आवळून मोकळा झाला. कनेक्शन काय ते बोल्टाच्या आट्यांमधून. यंदाच्या पावसात आटे गंजले, तेही गेलं.

पॉलिश पेपरचा तुकडा, दहा मिनिटं. पत्रा चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून जरा ग्रीस. बाबांनी ब्रेक दाबला. डॅशबोर्ड काळाठिक्कर. इतका सुंदर अंधार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

संध्याकाळी मुद्दाम पहिल्या मेकॅनिककडे गेलो. मोबाइलवर बोल्टचा फोटो दाखवला. त्याने चहाचा घोट घेतला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "बघा, मी तेव्हाच म्हटलं होतं, अर्थिंगचा प्रॉब्लेम असणार."