क्रॉस सुटला, पोलान्स्कीही सुटला

रोमन पोलान्स्कीने दिग्दर्शित केलेला 'चायनाटाउन' हा सिनेमा दाखवायचा म्हटल्यावर आमच्या फिल्म क्लबच्या ग्रुपवर कुरबूर झालीच होती. खरं भांडण मात्र शो संपल्यावर ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर पेटलं, पहिला कटिंग हातात येतो न येतो तोच.

तोंड उघडलं अर्थात निल्याने. शबनम पिशवी मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. "कलावंत आणि कलाकृती या दोन स्वतंत्र सत्ता आहेत. पोलान्स्की माणूस म्हणून कसा, हा प्रश्न फ्रेमच्या बाहेरचा आहे."

"बाहेरचा कसा?" अपर्णा म्हणाली. "सिनेमात हिरोच्या, म्हणजे जॅक निकल्सनच्या, नाकात चाकू घालणारा तो बुटका गुंड कोण होता मग? पोलान्स्कीच ना? तो चांगला फ्रेमच्या मधोमध उभा आहे."

बंड्याला चहाचा ठसका लागला.

सुन्याला या सगळ्यात रस नव्हता. तो शहापूरचा, त्याचं डोकं सिनेमातल्या पाण्याच्या घोटाळ्यात अडकलेलं. "दुष्काळ पडलाय म्हणून बोंब मारायची आणि रात्री पाणी सोडून द्यायचं. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना पाण्यावाचून जेरीला आणून जमिनी मातीमोल भावाने घ्यायच्या. त्यासुद्धा वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर, आणि त्यातला एक तर आधीच मेलेला! अरे, आपल्याकडचा तलाठीसुद्धा हे बघून शिकेल."

"सिनेमात १९३७ साल घातलंय, पण मूळ प्रकरण त्याच्या आधीचं," दामले काका म्हणाले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे हा त्यांचा प्रांत. "ओवेन्स खोऱ्यातलं पाणी २३३ मैलांच्या कालव्याने लॉस एंजेलिसला आणलं, १९१३ मध्ये. मुलहोलंड नावाचा इंजिनिअर. खोऱ्यातल्या लोकांनी १९२४ मध्ये तो कालवा सुरुंग लावून उडवला होता. आणि याच मुलहोलंडचं सेंट फ्रान्सिस धरण १९२८ मध्ये फुटलं, चारशेच्या वर माणसं गेली. सिनेमात तो मलरे नावाचा इंजिनिअर नवं धरण बांधायला नाही म्हणतो ना, आधीचं फुटलं म्हणून, ते तिथून आलंय."

"काका, आमच्याकडचं तानसाचं धरण १८९२ चं," सुन्या म्हणाला. "मुंबई त्यावर वाढली. आमच्या तालुक्यातल्या वाड्यांवर अजून एप्रिल-मेमध्ये टँकर जातो."

"पण सिनेमातलं पाणी हे एक रूपक आहे, सुनील," निल्या म्हणाला.

"रूपक तुझ्या नळाला येत असेल. आमच्याकडे टँकर येतो."

यावर निल्या गप्प बसेल असं वाटलं होतं. पण त्याने गाडी पुन्हा कलेवर आणली. शेवट बघा म्हणाला. पटकथा लिहिणाऱ्या रॉबर्ट टाउनला नायिका एव्हलिनने तिच्या बापाला, म्हणजे खलनायक क्रॉसला, मारावं आणि तिच्या मुलीने सुटावं असं हवं होतं. पोलान्स्की अडून बसला की नाही, एव्हलिन मरणार आणि क्रॉस सुटणार. "त्या हट्टामुळे हा सिनेमा अजरामर झाला."

काकांनी मान डोलावली. "पोलान्स्कीच्या आईला नाझींनी आउशवित्झमध्ये मारलेलं. बायको साडेआठ महिन्यांची गरोदर, तिला १९६९ मध्ये याच लॉस एंजेलिसमध्ये घरात घुसून भोसकलेलं. त्या शहरात परत येऊन तो माणूस गोड शेवट कुठून करणार?"

"खरंय काका," अपर्णा म्हणाली. "त्याचं दुःख खरं आहे आणि शेवटही त्याचाच बरोबर होता. पण तो शेवट नीट आठवा. गोळी एव्हलिनच्या डोळ्यातून आरपार गेलीय, गाडीचा हॉर्न थांबत नाहीये, तिची पोर किंचाळतेय. आणि ज्याने स्वतःच्या मुलीवर अत्याचार केला, तो म्हातारा पुढे होऊन त्या पोरीच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि तिला घेऊन जातो. तो हात कसा दिसला पाहिजे, हे या दिग्दर्शकाला नेमकं माहीत होतं. हा सिनेमा १९७४ चा. १९७७ मध्ये याने स्वतः काय केलं? तेरा वर्षांची मुलगी होती ती. आणि घर निकल्सनचं."

कोणी काही बोललं नाही. अपर्णा ठाण्याच्या कोर्टात पोक्सोची कामं चालवते, त्यामुळे ती असल्या गोष्टी ऐकीव बोलत नाही.

"सहा आरोप होते," ती पुढे म्हणाली. "तडजोडीत एका कबुलीवर आले. ४२ दिवस तपासणीसाठी तुरुंगात काढले आणि १९७८ मध्ये शिक्षा सुनावायच्या आधी साहेब विमानात बसून फ्रान्सला पळाले. आमच्याकडे जामिनाच्या अर्जाला याहून जास्त दिवस लागतात."

"पण त्या पीडित बाईंनी स्वतःच माफ केलंय!" निल्या एकदम सरसावून बसला. "खटला संपवा म्हणून त्या कोर्टात गेल्या होत्या."

"गेली होती, २०१७ मध्ये. स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी मागत होती ती. माफ करणं हा तिचा हक्क आहे, निल्या. तिच्या माफीवर तू तुझं तिकीट काढू नकोस."

हे वाक्य मला फार लागलं, कारण आपण सगळेच ते करतो. आवडता सिनेमा वाचवायचा म्हणून त्या मुलीला साक्षीला बोलावतो, आणि काम झालं की विसरतो. क्रॉस सिनेमात म्हणतोच की पुढारी आणि कुरूप इमारतीसुद्धा पुरेशा टिकल्या की प्रतिष्ठित होतात. २००३ च्या ऑस्करला पोलान्स्कीचं नाव पुकारल्यावर सभागृहातले कितीतरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ऑस्कर देणाऱ्या त्याच अकादमीने त्याला काढलं ते २०१८ मध्ये. आणि २०२० मध्ये फ्रान्सने त्याला पुन्हा सेझार हा तिथला सिनेपुरस्कार दिला, तेव्हा अभिनेत्री आदेल एनेल तडक उठून बाहेर पडली.

"म्हणजे आता सिनेमा जाळायचा का?" निल्या.

"कोण म्हणालं? मी परत बघणार आहे. तो एकट्या पोलान्स्कीचा थोडाच आहे? अकरा नामांकनांपैकी ऑस्कर मिळालं ते एकच, टाउनच्या पटकथेला. जेरी गोल्डस्मिथने दहाएक दिवसांत संगीत केलं, ती ट्रम्पेट काढून टाक आणि बघ काय उरतं. एव्हलिन झालेली फे डनअवे आहे. सिनेमा दाखवा, पण १९७७ सुद्धा त्याच हॉलमध्ये बोला. पुढच्या वेळी शोआधी दहा मिनिटं मला द्या."

मलाही अगदी हेच वाटतं. बोलायला लाज वाटते म्हणून दाखवायचं नाही, किंवा दाखवायचंय म्हणून बोलायचं नाही, दोन्ही पळवाटाच आहेत.

"क्लबचं व्यासपीठ भाषणांसाठी नाही," निल्या म्हणाला.

"मग त्या हंगेरियन सिनेमाआधी तू पाऊण तास काय करत होतास?" बंड्याने विचारलं. "लोकांना वाटलं तोच सिनेमा!"

काकासुद्धा हसले. निल्याने शबनम उचलली.

"थांब, पळू नकोस," बंड्या म्हणाला. "माझ्या कुरोसावाच्या सिनेमांच्या डीव्हीड्या नेल्यास त्याचं काय? लग्नाआधी नेल्यास तू, आता तुझा पोरगा आठवीत आहे."

"अरे, घोडबंदरला शिफ्ट झालो तेव्हा..."

"घोडबंदरला गेलास म्हणजे फ्रान्सला गेलास असं समजू नकोस," अपर्णा म्हणाली. "तिथून आम्ही उचलून आणू शकतो."

मग सुन्याने घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये त्याला आणायला ४२ दिवस पुरणार नाहीत असं काढलं, आणि निल्याही खो खो हसत परत खाली बसला.