गाण्याचे पैसे मागणारी संस्था नेमकी कोणती?

लग्नसराई आली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री (आयएमआय) ही सरकारी संस्था आहे, देशातली सगळी गाणी तिच्या मालकीची आहेत, हॉलमध्ये गाणं लावलं की तिला पैसे भरावे लागतात आणि ते गायकांना मिळतात.’ यातलं एकही विधान धड नाही.

सरकारी? १९३६ साली रेकॉर्ड कंपन्यांनी एकत्र येऊन काढलेली ही संघटना. पायरसीच्या धाडीत पोलीस दिसतात, त्यावरून हा समज झाला असावा. पण संघटना फार तर तक्रार करते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ नुसार माल जप्त करतो तो पोलीस अधिकारी, तोही किमान उपनिरीक्षक दर्जाचा.

मालकीचं तर सोडाच. ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्या त्या कंपनीकडे, तेही ६० वर्षांपुरते. संघटना कंपन्यांची बाजू सरकारदरबारी मांडते.

खरा घोळ पैशांचा आहे. हॉटेलातल्या थर्टी फर्स्टच्या पार्टीत एक फिल्मी गाणं वाजलं, तरी त्यात दोन वेगळे हक्क गुंतलेले असतात. ध्वनिमुद्रणाचा परवाना १९४१ पासूनची पीपीएल ही संस्था देते, तर शब्द आणि चालीचा १९६९ पासूनची आयपीआरएस ही दुसरी संस्था. म्हणजे बिलंही वेगळी, आणि दोन्ही आयएमआयची नव्हेत. लग्नाचं गणित आणखी निराळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये ती जाहीर सूचनेने पुन्हा सांगितली. तेव्हा हॉलच्या बिलात ‘म्युझिक लायसन्स’ अशी ओळ दिसली, तर पैसे कोणाच्या नावाने आणि कशाबद्दल घेतले जाताहेत, ते आधी विचारा. कंपनीची न्यू इयर पार्टी मात्र लग्न नव्हे, तिथे ही सूट सांगू नका!

राहिले गायक. पीपीएलची वसुली हक्कधारक कंपन्यांसाठी असते, आयपीआरएसची गीतकार, संगीतकार आणि म्युझिक पब्लिशरसाठी. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गायकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला, पण त्यासाठी त्यांनी इस्रा ही स्वतःची संस्था उभारली, तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी २०१३ मध्ये झाली. ती का उभारावी लागली, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

आयएमआयवर टीका जरूर करा, जागा आहेत. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने एफएम वाहिन्यांसाठी जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के असा रॉयल्टीचा दर ठरवला, तो कंपन्यांना फारच कमी वाटला. अशा वादात ती कंपन्यांचीच वकिली करणार. त्यासाठीच तर ती काढली आहे.