‘घड्याळाचं सर्व्हिसिंग केलंय साहेब!’ म्हणे दुरुस्तीवाला.

अहो, काय केलंय? मागचं झाकण उघडलं, तेलाचे दोन थेंब सोडले, फुंकर मारली, झाकण लावलं. पाचशे रुपये द्या! चावीचं घड्याळ पूर्ण खोलून, चाकं धुऊन, आतलं घट्ट झालेलं तेल काढून, मग सुईच्या टोकाएवढं नवं तेल नेमक्या जागी द्यायचं असतं. इथे फोडणी घातल्यासारखं ओततात. मग हेअरस्प्रिंगची, म्हणजे घड्याळाची गती सांभाळणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट सुटतं. वर ऐकवतात, “बघा, आता कसं जोरात चालतंय!” अरे, चालत नाहीये, पळतंय ते! स्क्रूच्या खाचा तर बघवत नाहीत. कशाने फिरवता, विळीने?

आणि गिऱ्हाईक? एचएमटी जनता म्हणजे साधं, सतरा ज्युएलचं (आतली झीज कमी करणाऱ्या बारीक खड्यांचं) चावीचं घड्याळ. त्याला कुणीतरी पोपटी डायल रंगवतो, लाल काटे ठोकतो, बाहेरचं कवच पॉलिश करून करून कडा पार गुळगुळीत करतो. की लगेच, “वा, नवं कोरं! ओरिजिनल ना?” चाळीस-पन्नास वर्षांचं घड्याळ नवं कोरं कसं असेल हो? आतलं मशीन बघायचं सुचतं का कुणाला? छे! चकाकतंय ना, झालं.

उलट नीट चालणाऱ्याला नावं ठेवणार. “मोबाइलपेक्षा वीस सेकंद पुढे जातं, बोगस आहे.” सेकंदाला पाच म्हणजे दिवसाला 4,32,000 ठोके पडतात त्यात. बॅटरीशिवाय! त्यातले शंभर इकडेतिकडे झाले, तर हे निघाले भंगारात द्यायला. घ्या ना मग बॅटरीवरचं क्वार्ट्झ, अडवलंय कुणी?