कुईकुई की किरकिर?

माझी फोर व्हील ड्राइव्ह गाडी २२ वर्षांची आहे. या वयात तिनं थोडं कुरकुरावं याला माझी ना नाही. मागचं दार, ड्रायव्हरची सीट, टपावरचं कॅरिअर, सगळ्यांचे आवाज मी डोळे मिटून ओळखतो. पण महिन्याभरापूर्वी खालून एक नवाच आवाज यायला लागला आणि त्याचं बारसंच होईना.

"कुईकुई करतंय," मी म्हणालो.

"चिकचिक," बायको म्हणाली.

"आत चिमणी अडकलीये," मागच्या सीटवरून चिरंजीव.

तुम्ही म्हणाल, शब्दावरून काय अडलंय? तर तिथेच सगळं अडतं. मराठीत आवाजांना शब्दांचा तोटा नाही आणि गाडीला आजारांचा. हँडल पूर्ण वळवून गाडी हलवली की टकटक, म्हणजे वळतानाही पुढच्या चाकांना फिरवणारा सांधा, सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर चढत जाणारी घूंऽऽ, म्हणजे बहुधा चाकाचं बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर नि सोडल्यावर दुसरा, तर संशय डिफरन्शियलवर, म्हणजे ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या डब्यावर. पहिल्यातून रिव्हर्सला टाकताना 'खण्' झालं, तर प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, ढिले. म्हणजे शब्द चुकला की भलताच अवयव उघडला जाणार.

मेस्त्रींनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही. "आवाज काढून दाखवा," म्हणाले.

मी आजूबाजूला बघितलं आणि हळूच काढला. दुसऱ्या गाडीखालून दोन पोरं सरपटत बाहेर आली.

"वेगाबरोबर वाढतो?"

मी वेग वाढवून दाखवला.

"आणि न्यूट्रलला?"

मी न्यूट्रल होऊन दाखवलं. आता पोरं चार झाली होती.

मग मेस्त्री स्वतः गाडीत बसले आणि आम्ही फेरी मारली. इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग बसतो तशी गाडी चिडीचूप. मेस्त्री उतरताना एवढंच म्हणाले, "तुम्ही काढलात तसला आवाज कुठल्याच गाडीत नसतो." त्यांना पोचवून मी कोपऱ्यावर वळलो, तेवढ्यात कुईकुई सुरू.

तेव्हा ठरवलं, आपणच शोधायचं. रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून घरंगळू दिली. आवाज तसाच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. जे काही आहे ते चाकांबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. मग सावकाश नागमोडी चालवून पाहिली. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. आवाज वाढला नाही. रस्त्याकडेचे एक आजोबा मात्र थांबले आणि मी नजरेआड होईपर्यंत हलले नाहीत.

गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून एकेक चाक हातानं फिरवलं. चारही निर्दोष! अंगावर भार नसला की कुणीच कुरकुरत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

उलगडा झाला तो माझ्याच आळशीपणामुळे. पुढच्या चाकांची हब, म्हणजे चाक अ‍ॅक्सलला जोडणारी मधली बोंडं, या गाडीत हातानं लॉक करायची असतात. मागे एकदा चिखलात लॉक केली होती, ती फ्री करायची राहूनच गेलेली. हब लॉक असली की गाडी टू व्हीलवर असतानाही पुढचे अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट चाकांबरोबर फुकट फिरत राहतात. दोन्ही हब फ्री केली आणि आवाज गेला! मी शीळ घालत घरी आलो.

"दुरुस्त झाली?" बायकोनं विचारलं.

"आवाज बंद झालाय."

"म्हणजे झाली नाही."

वकील व्हायची ती. हब फ्री ठेवून आयुष्य काढता आलं असतं, पण मग फोर व्हील ड्राइव्ह कशाला पाळायची? दोष पुढच्या बाजूला आहे, पण चाकाशी की शाफ्टमध्ये? इथे बायकोनंच मार्ग काढला. "मोजू या," म्हणाली. पुस्तकात पुढच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३ दिलंय, म्हणजे चाकाच्या एका फेरीत शाफ्ट ४.३ वेळा फिरतो. टायरवर खडूची रेघ मारली, हब पुन्हा लॉक केली आणि मी पायी चालायच्या वेगानं गाडी सोडली. बाजूनं बायको आवाज मोजत, चिरंजीव रेघ मोजत. आजोबा आज बरोबर आणखी एकांना घेऊन आले होते.

दहा फेऱ्या झाल्या. "त्रेचाळीस!" ती ओरडली. "तुझा शाफ्टच आहे!"

गाडीखाली शिरलो. पुढच्या शाफ्टचा मागचा क्रॉस, जिथे शाफ्ट ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याला, जोडलेला असतो, त्याच्या एका टोपीभोवती तांबूस भुकटी जमली होती, कुणी तपकीर सांडावी तशी. आतलं ग्रीस केव्हाच सुकलेलं आणि सुयांसारखे बारीक रोलर गंजून त्यांचं पीठ झालेलं. ग्रीस भरायचं निपल मात्र अगदी समोर, माझ्याकडे टक लावून. त्याला गेल्या कित्येक वर्षांत मी एकदाही ग्रीस गन दाखवली नव्हती.

शाफ्ट सोडवताना दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगानं खूण केली. स्प्लाइनवर, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत बसतात त्या खाचांवर, तो जरा इकडेतिकडे बसला, तर कुईकुई जाऊन थरथर यायची. टोप्या धरून ठेवणाऱ्या चार सर्कलिपांपैकी तीन नीट निघाल्या, चौथी टण्णकन उडाली ती अजून सापडलेली नाही. नव्या क्रॉसबरोबर नव्या आल्या म्हणून निभावलं. आता हब लॉक असो वा फ्री, गाडी गप्प आहे.

जुना क्रॉस फडक्यात गुंडाळून मी ऐटीत मेस्त्रींकडे गेलो. पोरं जमलीच होती. मेस्त्रींनी तो हातात घेतला, टोपी दोन बोटांत धरून कानाजवळ हळूहळू फिरवली आणि परत केला.

"ही किरकिर आहे, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही कुईकुई सांगितली होती."