क्वाड गुदमरते म्हणून मेन जेट मोठा टाका? त्या मेसेजला उत्तर

चवथ झाली, पाऊस ओसरला की ताडपत्रीखालच्या क्वाड (चार चाकांच्या ऑफ-रोड बाइक) बाहेर निघतात आणि त्यांच्या मागोमाग हा मेसेज पण निघतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक ग्रुपवर तोच. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (जेट म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पार्ट, त्यातून पेट्रोल मोजून जातं; टूटी ऑइल म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल): "स्पोर्ट क्वाडचा थ्रॉटल एकदम दाबला की गाडी भ्वॉक करून गुदमरते? १) एअरबॉक्सचं झाकण काढून टाका २) गोव्यात गरमी जास्त, म्हणून मेन जेट दोन नंबर मोठा टाका ३) पेट्रोलात थोडं टूटी ऑइल घाला ४) शंभर ऑक्टेन भरा ५) तरी नाही गेलं तर चोक अर्धा ओढून चालवा. गॅरेजवाले हे सांगणार नाहीत." सांगणार नाहीतच, कारण ज्याने आयुष्यात एक कार्बोरेटर उघडलाय तो असलं सांगत नाही.

पहिलं एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण. झाकण काढलं की हवा जास्त येते, पेट्रोल तेवढंच राहतं, म्हणजे मिक्श्चर आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. आणि एकदम रेस दिल्यावर बसणारी गाडी बहुतेक वेळा आधीच लीन असते, म्हणजे दुखण्यावर तेच दुखणं वाढवून दिलं. वर आपली तांबडी धूळ. डिचोली-सत्तरीकडच्या मातीच्या वाटेवर एक फेरी मारून फोमचा फिल्टर बोटांनी पिळून बघा, तेल लावलेला असूनसुद्धा लाल चिखल निघतो. झाकण काढलेलं असलं तर ती धूळ आणि मधेच आलेल्या सरीचं पाणी थेट फिल्टरवर. झाकण काढणारे रायडर आहेत, नाही असं नाही, पण ते सायलेन्सर बदलतात, त्याप्रमाणे जेटिंग करतात, म्हणजे जेट बदलून मिक्श्चर जुळवतात. नुसतं झाकण काढून कोणाची गाडी सुधारत नाही, आवाज वाढतो म्हणून जोर वाढला असं वाटतं एवढंच.

आता मेन जेट, खरा घोळ इथे आहे. कार्बोरेटरमध्ये कामाची वाटणी असते. थ्रॉटल बंद ते साधारण पाव उघडा असेपर्यंत पायलट जेट आणि फ्युएल स्क्रू, पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई; स्लाइड म्हणजे थ्रॉटल दाबला की वर सरकून हवेचं तोंड उघडणारा भाग), आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. गाडी अडखळते अंगठा (क्वाडचा थ्रॉटल अंगठ्याने दाबतात) दाबला त्या पहिल्या क्षणाला, आणि मेसेज सांगतो शेवटच्या टप्प्यातला जेट बदला. पडवीतला दिवा लागत नाही म्हणून न्हाणीघरातला बल्ब बदलल्यासारखं झालं हे.

यावर कोणीतरी म्हणणारच की अंगठा पूर्ण दाबला म्हणजे स्लाइड पूर्ण वर गेली, मग मेन जेटच की रे. ऐकायला बरोबर वाटतं. पण इंजिन अजून कमी आरपीएमवर असतं, तोंड एकदम मोठं झालं की हवेचा वेग पडतो, आणि हवेच्या ओढीनेच पेट्रोल वर येत असल्यामुळे ते क्षणभर मागे राहतं. ती फट भरायला २००४ ची वायएफझेड ४५० किंवा टीआरएक्स ४५०आर यांच्या केहिन एफसीआर कार्बमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप, म्हणजे थ्रॉटल दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप, दिलेला असतो. तो बरोबर चालत नसेल तर मेन जेट दोन काय दहा नंबर मोठा टाका, भ्वॉक व्हायचं ते होणारच, वर फुल थ्रॉटलला काळा धूर.

पंप तपासायला पैसा लागत नाही. इंजिन बंद आणि गार, फिल्टरकडचा रबरी बूट सोडवायचा, टॉर्च धरून कार्बच्या तोंडात बघत अंगठा फटकन दाबायचा. पेट्रोलची बारीक सरळ धार दिसली पाहिजे, दाबल्या दाबल्या सुरू झाली पाहिजे, आणि वर जाणाऱ्या स्लाइडवर न आपटता खालून निसटली पाहिजे. धार उशिरा आली तर पंपाच्या लिंकेजमध्ये ढिलाई आहे. लिंकेजच्या दोन हातांच्या (लिव्हरच्या) मधे स्प्रिंग असते, ती आधी दबते आणि मग पंप हलतो. ते दोन्ही हात पेट्रोलला टिकणाऱ्या छोट्या ओ-रिंगने एकत्र बांधायचे ही जुनी युक्ती आहे, खर्च किरकोळ आणि फरक पहिल्याच दाबाला कळतो. धार वाकडी किंवा थेंब थेंब असेल तर नोझल चोंदलंय किंवा खालचा रबरी डायफ्राम (पडदा) गेलाय.

सगळ्या क्वाडना हा पंप नसतो हे पण लक्षात ठेवा. जुन्या एलटी-झेड ४०० सारख्या गाड्यांना सीव्ही कार्ब, तिथे स्लाइड वायरने नाही तर व्हॅक्युमने उचलली जाते. कार्बचं वरचं झाकण उघडून स्लाइडला जोडलेला काळा रबरी डायफ्राम अलगद काढा आणि उजेडासमोर धरून सगळीकडून हलका ताणून बघा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी स्लाइड आळशी होते.

आणि गरमी म्हणून मोठा जेट हे तर चक्क उलटं आहे. गरम दमट हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणजे पेट्रोल कमी लागतं. मेसेज लिहिणाऱ्याला आपल्याकडचं खरं कारण दिसलंच नाही: पेट्रोल. आता पेट्रोल पंपावर ई-२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. साध्या पेट्रोलला एक भाग जळायला वजनाने १४.७ भाग हवा पुरते, ई-२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच जेटमधून तेवढंच ई-२० गेलं तर मिक्श्चर लीन. परदेशातल्या पेट्रोलवर सेट झालेल्या जुन्या कार्बच्या क्वाड इथे थोड्या लीन चालतात त्या यामुळे. त्याला फ्युएल स्क्रू थोडा बाहेर, नीडलची क्लिप एक खाच खाली, लागलंच तर पायलट जेट एक नंबर वर, एवढं सहसा पुरतं. फोर-स्ट्रोकवर इंजिनच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलचा असतो, बाहेर सोडला की रिच (पेट्रोल जास्त) होतं. टू-स्ट्रोकवर फिल्टरच्या बाजूला एअर स्क्रू असतो, तिथे उलटं. स्क्रू पूर्ण काढलात तर स्प्रिंग, वॉशर आणि बारकी ओ-रिंग तिन्ही बाहेर आली का बघा, ओ-रिंग आतच चिकटून बसते आणि क्लीनर मारताना उडून हरवते, मग तिथून हवा खेचली जाते आणि माणूस दिवसभर जेट बदलत बसतो.

पण जेटला हात लावायच्या आधी पायलट जेट उजेडात धरून आरपार दिसतंय का ते बघा. चार महिने पावसाच्या दमट हवेत फ्लोट बोलमध्ये (कार्बच्या तळाच्या वाटीत) पेट्रोल पडून राहिलं की इथेनॉल पाणी ओढतं, बाकीचं उडून जातं आणि तळाला चिकट राळ राहते. पायलटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक, ते सगळ्यात आधी बुजतं. माझ्या मते आपल्याकडे ऑक्टोबरात गुदमरणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्यांना हेच झालेलं असतं. क्लीनर मारा, वायरीतली तांब्याची एक बारीक तार घाला, ड्रिल किंवा टाचणी अजिबात नाही, भोक मोठं झालं की जेट गेला. आणि जूनमध्ये गाडी झाकताना बोलचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

टूटी ऑइल: फोर-स्ट्रोकला काही गरज नाही. जेटमधून जे जातं त्यातला काही भाग आता तेल, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी, लीन गाडी अजून लीन, शिवाय धूर आणि काळा प्लग. यामाहाची जुनी बॅन्शी असेल तर ती टू-स्ट्रोक, तिला लागतंच, तो विषय वेगळा.

शंभर ऑक्टेनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंजिनातली टकटक) सहन करायची ताकद, पिकअपचं औषध नाही. खिसा रिकामा होतो.

चोकमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करूया. चोक किंचित ओढल्यावर अडखळणं कमी झालं तर गाडी लीन आहे, वाढलं तर रिच, एवढी तपासणी म्हणून उत्तम. पण तसंच चालवत राहिलात तर जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास यायला लागला की समजा. आणि ही तपासणी आपल्या भाटात, मोकळ्या जागेत करा, किनाऱ्यावर नको, तिथे गाडी घालायला बंदी आहे.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा पत्ताच नाही: सगळ्या क्वाडना कार्ब असतो असं नाही. यामाहाची रॅप्टर ७०० २००६ पासून फ्युएल इंजेक्शनवर, वायएफझेड ४५०आर २००९ पासून. तिथे जेट शोधत बसलेला माणूस मी बघितलाय, टाकी काढून ठेवली होती पात्रांवने. या गाड्यांवर आधी पार्किंग ब्रेकचा स्विच बघा. ब्रेक लावलेला असताना गाडी जास्त रेस होऊ नये म्हणून यामाहाने तिथे लिमिटर दिलाय, खारी हवा लागून स्विच किंवा कनेक्टर खराब झाला की ब्रेक सोडलेला असूनही गाडीला वाटतं लावलेलाच आहे, आणि थ्रॉटल वाढवला की ती फटफट करत कापते. अगदी जेटिंग बिघडल्यासारखीच. कार्बवाल्या वायएफझेडलाही तो आहे, म्हणून तिथे पण कार्ब उघडायच्या आधी बघून घ्या. कनेक्टर सोडवा, आत हिरवट बुरशीसारखं दिसलं तर ब्रशने साफ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवा. त्यानंतरही अडखळली तर थ्रॉटल बॉडी आणि टीपीएसकडे (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर) जा.