‘दमट हवेत लॅव्हेंडर जगतच नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘भरपूर ऊन आणि कमी पाणी एवढं सांभाळलं की लॅव्हेंडर कुठेही येतं’ असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर विसंबून तुम्ही ‘इंग्लिश लॅव्हेंडर’ची तीन रोपं कुंड्यांत लावलीत, पाणीही बेताने दिलंत. हवा दमट झाली आणि पंधरा दिवसांत दोन रोपं गेली, तिसरं अर्धं वाळलंय. ‘ग्रोसो’ जातीच्या बियांचं पाकीटही आणलं होतंत, त्यातलं एकही बी उगवलं नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत की दमट हवेत लॅव्हेंडर जगतच नाही, हे सरळ न सांगता मी लोकांना भुलवते.

‘कुठेही येतं’ हे वाक्य चूक होतं. ते मी लेखातून काढून टाकलंय. तुमची दोन रोपं त्या वाक्यापायी गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ‘जगतच नाही’ हेही मला पटत नाही. तुमचं वाक्य आणि माझं वाक्य, दोन्हींत चूक एकच आहे: आपण दोघंही लॅव्हेंडर हे एकच झाड धरून बोललो. लॅव्हेंड्युला या वंशात चाळीसहून जास्त जाती आहेत आणि त्यांचा पसारा अटलांटिकमधल्या बेटांपासून भूमध्य समुद्राच्या काठाने थेट भारतापर्यंत आहे. एवढ्या पसाऱ्यातल्या सगळ्या झाडांना एकच हवा कशी मानवेल?

तुमच्या रोपांच्या लेबलवर ‘इंग्लिश’ होतं. नाव इंग्लिश असलं तरी हे झाड मूळचं इंग्लंडचं नाही. लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया ही दक्षिण युरोपातल्या डोंगरउतारांवरची जात. फ्रान्समध्ये ती साधारण ८०० मीटरच्या वर, दगडगोट्यांच्या, चुनखडीच्या कोरड्या जमिनीत वाढते. हिवाळा कडक, उन्हाळा कोरडा आणि रात्री गार, याची तिला सवय. ‘हिडकोट’ आणि ‘मनस्टेड’ हे तिचेच प्रकार. गोठवणारी थंडी ती सहज सोसते, थंडीचे काही आठवडे मिळाले तर फुलतेही भरभरून. तिला सोसत नाही ती उबदार आणि दमट रात्र. पानांवर बारीक लव असते, झुडूप मधून दाट असतं. आत शिरलेला ओलावा सकाळपर्यंत तिथेच राहतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. खाली मातीही वाळत नाही. म्हणजे थंडीला कणखर, पण दमट हवेत फार नाजूक अशी जात तुमच्या वाट्याला आली, आणि माझ्या लेखाने तुम्हाला सावध केलं नाही.

रोपं मेली कशाने, हे मात्र तपासून पाहायला हवं. माझं पहिलं झुडूप गेलं तेव्हा मी ते कुंडीतून उपसून काढलं होतं. वरून झाड तहानलेलं दिसत होतं, पानं करडी, शेंडे माना टाकलेले. म्हणून आधीचे चार दिवस मी त्याला जास्तच पाणी घातलं होतं. मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढलं, तर तपकिरी साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरला. निरोगी मूळ पांढुरकं आणि घट्ट असतं, त्याची साल अशी निघत नाही. ही मूळकुज. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाड तहानलेलं दिसतं. आपण पाणी घालतो, आणि मुळं आणखी कुजतात. मेलेल्या रोपांपैकी एखादं अजून टाकलं नसेल तर त्याचं मूळ असंच ओढून बघा.

त्या कुंडीत मी आणखी एक चूक केली होती, जी बहुतेक सगळे करतात. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडीचा थर घातला होता. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशी अडून राहतं. मग ओला पट्टा खडीच्या उंचीइतका वर सरकतो, नेमका मुळांजवळ. खडी, जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) तळाशी न घालता सगळ्या मातीत मिसळायचं. माझ्या मिश्रणात आता निम्मा भाग खरखरीतच असतो, कंपोस्ट अगदी थोडं. खताचा हात सैल सोडला तर लॅव्हेंडर नुसतं लुसलुशीत वाढतं, फांद्या आडव्या पडतात, फुलं आणि वास दोन्ही कमी. वरून कंपोस्ट किंवा पालापाचोळा पसरू नका, खोडाभोवती बारीक खडी पसरा. खोड कोरडं राहतं. कुंडी मातीची, तळाला मोठं भोक असलेली, खाली बशी न ठेवता.

आता दमट हवेत लावायचं काय? सगळ्यात आधी मी लॅव्हेंड्युला डेंटाटा सुचवेन. पानाच्या दोन्ही कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, बोट फिरवलं तरी कळतं. दमटपणा ती अँगस्टिफोलियापेक्षा खूपच बरा सोसते, सौम्य हवेत वर्षातला बराच काळ फुलत राहते, मात्र कडाक्याच्या थंडीत मरते. तिचा आणि लोकरी पानांच्या लॅनाटाचा संकर म्हणजे ‘गुडविन क्रीक ग्रे’. उष्ण, दमट भागांतल्या बागांत त्याचं नाव चांगलं आहे. दुसरी जात स्टोइकास. तिचं फूल अननसासारखं ठेंगणं आणि वर दोन-चार जांभळ्या पाकळ्यांसारखे तुरे, सशाच्या कानांसारखे. बाकीच्यांना थोडी चुनखडीची माती चालते, हिला किंचित आम्लधर्मी आवडते. पहिला बहर सरताच सुकलेली बोंडं खुडली तर पुन्हा फुलते. मानवेल त्या हवेत ती स्वतःहून बी पाडून पसरते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर ती तण म्हणून जाहीर केलेली आहे.

इथे तुमची तक्रार खरी ठरते, ती एका बाबतीत. कपाटातल्या पुरचुंडीला जो गोड वास येतो तो अँगस्टिफोलियाचा. त्यात लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट ही सुगंधी द्रव्यं भरपूर, कापूर जवळजवळ नाहीच. डेंटाटा आणि स्टोइकासला कापरासारखा, थोडा रोझमेरीच्या अंगाचा तिखट वास असतो. मला तो आवडतो, पण तो ‘तो’ वास नव्हे. दमट हवेत तोच वास हवा असेल तर अँगस्टिफोलिया एका-दोन हंगामांचं झाड समजून लावावं लागतं, आणि ओल्या दिवसांत कुंडी उचलून छपराखाली, वारा खेळेल अशा उजेडाच्या जागी न्यावी लागते. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

मधला रस्ता लॅव्हंडिन. वरच्या उतारावरची अँगस्टिफोलिया आणि खालच्या उतारावरची लॅटिफोलिया जिथे शेजारी येतात तिथे मधमाश्यांनी घडवलेला हा संकर. झाड मोठं, देठ लांब आणि बऱ्याचदा बाजूला फुटवे असलेले, बहर थोडा उशिरा, तेल भरपूर, वासात कापूर जाणवतो. ‘ग्रोसो’ हा त्याचाच प्रसिद्ध प्रकार. ‘फिनॉमिनल’ नावाचा नवा प्रकार उष्णता आणि दमटपणा सोसण्यासाठीच ओळखला जातो, शक्य असेल तर तोच घ्या. दोन झाडांत ९० सेंटिमीटर तरी अंतर ठेवा, हवा खेळती राहायला हवी.

आणि तुमचं बियांचं पाकीट. लॅव्हंडिन वांझ असतं, त्याला रुजणारं बी धरत नाही. त्यामुळे ‘ग्रोसोच्या बिया’ अशी वस्तूच असू शकत नाही. पाकिटात काय होतं देव जाणे, पण न उगवण्यात तुमचा काही दोष नव्हता. अँगस्टिफोलियाच्या बिया मात्र खऱ्या असतात. ओलसर वाळूत तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवून मग मातीवर नुसत्या पसरायच्या, फार झाकायच्या नाहीत, त्यांना उजेड लागतो. उगवायला दोन ते चार आठवडे. पण ‘हिडकोट’च्या बीपासून ‘हिडकोट’च येईल याची हमी नाही. हवा तोच प्रकार हवा असेल तर छाटकलम, म्हणजे शेंडा कापून त्याला मुळं फुटू देणं, हाच मार्ग.

छाटणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते, कारण जगलेली झाडं बरेचदा इथे जातात. बहर संपला की हिरव्या वाढीचा साधारण तिसरा हिस्सा कापायचा, पानं असलेला भाग शिल्लक ठेवून. खालच्या उघड्या, लाकडासारख्या खोडात कात्री घातली तर तिथून बहुधा पुन्हा फुटत नाही.

तुमचं तिसरं रोप टाकू नका. खालच्या फांदीवर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर वेळ आहे. फूल नसलेले ८ ते १० सेंटिमीटरचे निरोगी शेंडे कापा, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा आणि नव्या, ओलसर वाळू-परलाइटमध्ये खोचा. उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. चार ते सहा आठवड्यांनी हलकेच ओढून पाहा, अडकल्यासारखं लागलं तर मुळं फुटली. जुन्या कुंडीतली माती दुसऱ्या लॅव्हेंडरला वापरू नका, कुंडी घासून धुऊन उन्हात वाळवा.

आणि शेंडे कापताना एका पानाचा अगदी जवळून फोटो काढून मला पाठवाल का? ‘इंग्लिश’, ‘फ्रेंच’, ‘स्पॅनिश’ ही नावं लेबलवर कशीही लावली जातात. ‘फ्रेंच’ म्हणून कुठे डेंटाटा मिळते, कुठे स्टोइकास. पानाची कड सरळ आहे की दातेरी, एवढं दिसलं तरी पुढचं रोप कोणतं घ्यायचं ते आपल्याला नीट ठरवता येईल.