लक्ष्मी रस्ता किती जुना? : 'पेठेतला दुकानदार' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'लक्ष्मी रस्त्याचं वय' या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातलं बरंचसं बरोबर आहे हे लक्षात आलं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याला 'तसा तरुणच' म्हटलं, ते यांना झोंबलंय. बाजीरावांच्या काळापासूनच्या बाजारपेठेला तरुण कसं म्हणता, असं ते विचारतात. शिवाय मी रस्ता सोन्या मारुती चौकापाशीच संपवला आणि पूर्वेकडचा सगळा भाग गिळून टाकला, ही तक्रार. आणि रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करा म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने 'एक दिवस गल्ल्यावर बसून दाखवावं' असं आव्हानही आहे.

आधी वयाचं बघू, कारण तिथे मी हटणार नाही. थोरले बाजीराव गेले १७४० साली. पश्चिम टोकाच्या अलका चौकातून आत शिरलं की हा रस्ता ज्या पेठांमधून जातो, त्यांतल्या एकीचं नाव पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं, आणि दुसरीचं नारायणराव पेशव्यांचं, ज्यांचा शनिवारवाड्यात खून झाला १७७३ ला. तेव्हा बाजीरावसाहेब लक्ष्मी रोडला खरेदीला यायचे ही कल्पना गोड असली तरी सोडून द्यावी लागेल. रस्त्याचं नाव लक्ष्मीबाई दगडूशेठ हलवाई यांच्यावरून आलं. बुधवार पेठेतलं दत्तमंदिर १८९८ साली उभारलं त्याच या लक्ष्मीबाई. सराफी पेढ्यांमुळे लक्ष्मीचं नाव पडलं, असं मला एका रिक्षावाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. भाडं मात्र त्याने मीटरप्रमाणेच घेतलं, म्हणून मी वाद घातला नाही.

पण रस्ता तरुण म्हणजे बाजारही तरुण, असं मी लेखात सुचवलं, आणि तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. बाजार जुनाच. नारो आप्पाजी खिऱ्यांनी तुळशीबागेतल्या राममंदिराचं काम १७६१ च्या सुमारास सुरू केलं. नाना फडणवीसांचं बेलबागेतलं विष्णुमंदिरही पेशवाईतलंच. देवळाला बाया येणार, बायांना हळदकुंकू, फुलपुडी, निरांजन, समई लागणार. समईच्या शेजारी मग पातेली आली, पातेल्यांच्या शेजारी भातुकली. तुळशीबागेत आजही हा क्रम जवळपास तसाच दिसतो, फक्त मध्ये मोबाइलची कव्हरं घुसली आहेत.

या सगळ्याला खरा जोर दिला मंडईने. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. १८८६ मध्ये रे मार्केटची इमारत झाली आणि भाजी दक्षिणेला सरकली. या खर्चाला नगरपालिकेत महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव लागलं! तर सांगायचं असं की, वाड्याच्या बाजूने मंडईकडे निघालेल्या माणसाला आजचा लक्ष्मी रस्ता ओलांडावाच लागतो. रोज हजारो पावलं जिथून जातात तिथे दुकान टाकायला पंचांग बघावं लागत नाही.

सोन्याचंही तसंच. 'पिढ्यान् पिढ्या सराफी' असं तुम्ही लिहिलंत. पु. ना. गाडगिळांची पेढी १८३२ ची, पण ती सांगलीची. पुण्यात, लक्ष्मी रस्त्यावर, ती आली १९५८ साली. पुढे पाचच वर्षांत सोन्यावर सरकारचं सुवर्ण नियंत्रण आलं. काही काळ तर १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायलाच बंदी होती. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला १९९० मध्ये. म्हणजे चकचकीत काचांची, सुरक्षारक्षक उभा असलेली सोन्याची जी दुकानं आपल्याला 'परंपरा' वाटतात, ती बहुतेक माझ्या कॉलेजच्या दिवसांनंतरची आहेत.

माझ्या मते या रस्त्याला लक्ष्मी रस्ता केलं ते बस्त्याने. माझ्या आत्तेबहिणीच्या लग्नाचा बस्ता मला लख्ख आठवतो. जिना चढून वर गेलो. पांढरीशुभ्र गादी, बूट बाहेर. आम्ही अकरा जण, त्यात निर्णय घेणारी एकटी आत्या. दुकानातले काका एकेक घडी मोडत होते, आणि प्रत्येक साडी उलगडताना पदर आधी, काठ नंतर. आत्याने सात-आठ साड्यांना नाक मुरडल्यावर त्यांनी काहीही न बोलता एक मोरपंखी पैठणी स्वतःच्याच खांद्यावर टाकली आणि ट्यूबलाइटखालून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. उन्हात जर पेटली. आत्या म्हणाली, "ही बाजूला ठेवा." मग मानपानाच्या, आहेराच्या, 'ज्यांना द्यावीच लागते त्यांच्या' अशा साड्यांचे ढीग झाले. चहा तीनदा आला. पाच तासांनी बाहेर पडलो तेव्हा सहा बोचकी होती आणि गाडी कुठे लावलीय यावरून काका आणि मामांचं वाजलं होतं.

हे सांगताना मी तुमच्याच बाजूचा पुरावा देतोय, हे कळतंय मला. बारामतीहून, फलटणहून जीप भरून आलेलं बिऱ्हाड सहा बोचकी घेऊन किती चालणार? महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक रस्ता बंद असतो, त्याचे फोटो टाकून मी 'बघा, किती गर्दी' असं लिहिलं. तुम्ही विचारलंत, गर्दी होती, पिशव्या किती होत्या? याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवशी लोक रांगोळ्या बघायला, पोरांना मोकळं सोडायला येतात. त्यावरून धंद्याचा हिशोब मांडणं चूक होतं.

तरीही तुमच्या गल्ल्यावर बसून उलटा हिशोब करा. एका मोटारीच्या जागेत किती माणसं उभी राहतात? आणि दुकानासमोर लागलेल्या गाड्यांपैकी गिऱ्हाइकाच्या किती, नि शेजारपाजारच्या दुकानदारांच्याच किती? पार्किंगच्या पी-१, पी-२ पाट्या वाचून सम-विषम तारखेचं गणित करत बसणारं गिऱ्हाईक तोवर ऑनलाइन साडी मागवून मोकळं होतं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून माझी आई एकटी तुळशीबागेत जाऊन येते. मला न विचारता, न सांगता. बस्त्यासाठी वाहनतळ हवाच, तो जवळ हवा आणि सामान पोचवायची सोय हवी, हे मान्य. पण रोजचा धंदा तिच्यासारख्यांवर चालतो, हे तुम्हीच मला जास्त चांगलं सांगू शकाल.

राहिला पूर्वेकडचा भाग. तिथे मी सपशेल चूक. सोन्या मारुतीच्या पुढे रस्ता संपत नाही, माझ्यासारख्या सदाशिव पेठी माणसाचं लक्ष तेवढं संपतं. पुढे गणेश पेठ, नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथली गिऱ्हाइकं बस्त्याला येत नाहीत, क्लच प्लेटला येतात. गंमत अशी की हा रस्ता वर्षातून दोनदा आपली दिशा दाखवतो. ज्येष्ठ-आषाढात पालख्या अलका चौकाकडून शिरतात आणि मुक्कामाला पूर्वेकडे, नाना-भवानी पेठेत जातात. भाद्रपदात गणपती बेलबाग चौकातून निघून बरोबर उलटे, पश्चिमेला. मी आयुष्यभर गणपतीच बघितले, त्यामुळे रस्ता मला एकाच बाजूने दिसला.

मूळ लेखात 'बाजारही तरुण' हे वाक्य खोडलं आहे आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली आहे. पूर्व भागावर स्वतंत्र लिहायचं आहे. गणेश पेठेतला मारुती पानिपताच्या वेळी डुलला, म्हणून तो डुल्या मारुती, असं म्हणतात. सुरुवात तिथूनच करीन म्हणतो. तुमचं दुकान त्या बाजूला असेल तर कळवा, एखाद्या दुपारी गिऱ्हाईक कमी असताना येऊन गल्ल्याजवळ बसतो. आव्हान तुमचंच आहे.